श्रावणात ११८ ग्रॅम प्रोटीन कुठून आणू? (घरात अंडंसुद्धा बंद)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

वय ३१, वजन ७४ किलो. राहायला भांडुप, नोकरी लोअर परळ. दीड वर्ष पॉवरलिफ्टिंग करतोय. सकाळी सहाला जिम, तिथूनच लोकल. एरवी चार अंडी, रात्री बांगडा नाहीतर चिकन, त्यामुळे हिशोबाची वेळ येत नाही. पण श्रावणात आमच्याकडे अंडंही येत नाही, आणि बाहेर खाऊन आईला फसवणं जमत नाही. (गेल्या वर्षी एकदा केलं होतं. ढेकरेने घात केला.)

किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर ११८ ग्रॅम लागतं. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मोजलं. चार पोळ्या, दोन वाट्या वरण, वाटीभर मटकीची उसळ, पाव लिटर दूध, वाटीभर दही, १०० ग्रॅम पनीर. ओढूनताणून ६३!

भात-पोळी सोडायचा सल्ला कृपया नको. गेल्या श्रावणात ट्रेनरचं ऐकून सोडली होती. दुसऱ्याच आठवड्यात १४० किलोच्या डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलताना) तिसऱ्या उचलीला डोळ्यांपुढे अंधारी आली, बार सुटला. पाय वाचले.

सोयाबीनच्या वड्या डब्यात नेऊन पाहिल्या. एक वाजता झाकण उघडलं की शेजारचा खुर्ची सरकवतो. व्हे पावडर (दुधातल्या प्रोटीनची भुकटी) आईच्या मते 'औषध'. शिवाय सोमवारचा उपास, म्हणजे साबुदाणा, म्हणजे प्रोटीनच्या नावाने शंख.

प्रतिसाद १:
वड्या डब्यात नकोच, रात्री खा. मीठ घालून उकळ, मग दोन-तीन पाण्यांतून घट्ट पिळ, वास तिथेच जातो. मिक्सरला जाडसर फिरवून कांदा-गरम मसाल्यात खिम्यासारख्या परत. कोरड्या ५० ग्रॅमचे २६ मिळाले. व्हेच्या एका स्कूपचे साधारण २४. झाले ११३. उरलेलं मूठभर फुटाण्यांत निघतं. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही, पनीर. आणि क्रिएटीन मोनोहायड्रेट (स्नायूंच्या ताकदीसाठीची पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम घे, मांस-मासे बंद असताना ते जेवणातून जवळपास मिळतच नाही. आईला सांग, व्हे म्हणजे चीज करताना उरलेली निवळी, गाळून वाळवलेली.

धागाकर्ता:
सांगितलं. आई म्हणाली, "निवळी तर मी कणकेत घालते. तुझी एवढी महाग का?"
यावर काय बोलू?