डावा भाग, उजवा भाग: मुंढ्याचे टाके कुठल्या कडेला बंद करायचे?

लोकरगुंडा
दोन वर्षांच्या मुलीसाठी समोरून उघडा स्वेटर, ८ नंबरच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. ७२ टाक्यांची पाठ झाली, ३६ टाक्यांचा डावा भाग मुंढ्यापर्यंत (बाही जोडायच्या जागेपर्यंत) आलाय. नमुन्यात पुढे एवढंच: 'मुंढ्याच्या बाजूला ४ टाके बंद करा. उजवा भाग याच्या उलट विणा.' डावा म्हणजे विणणाऱ्याच्या डावीकडचा की घालणाऱ्याच्या? आणि दोन्हीकडून वीण सारखीच दिसते, मग सुलट बाजू, म्हणजे घातल्यावर बाहेर दिसणारी, कुठली धरू?

सुईदोरा
नेहमी घालणाऱ्याचा. डाव्या भागाची सुलट बाजू तुमच्याकडे असताना मुंढा तुमच्या उजव्या हाताला येतो आणि बटणपट्टी डाव्या हाताला. ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणून ४ टाके सुलट बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला बंद करा. गळ्याचे टाके उलट बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला. उजव्या भागात हे नेमकं उलटं होतं. टाके ओळीच्या शेवटी बंद करायला गेलात तर लोकर कडेला न राहता तोडावी लागते, म्हणून ही भानगड.

उलटसुलट
सुलट बाजू ओळखायला सुरुवातीचा लोंबता धागा बघा. पहिली ओळ सुलट बाजूची धरली आणि टाके दोन सुयांवर घातले असतील, तर सुलट बाजू समोर असताना तो खाली डाव्या कोपऱ्यात असतो. अंगठ्यावर दुहेरी धाग्याने घातले असतील तर उजव्या कोपऱ्यात. धागा आधीच आत ओवून टाकला असेल तर हा उपाय संपला. त्यापेक्षा चौथ्या-पाचव्या ओळीतच सुलट बाजूला वेगळ्या रंगाची लोकर अडकवावी.

चारपदरी
सगळ्या ओळी सुलट आहेत ना? मग उजवा भाग आरशातल्यासारखा उलटा विणायची गरजच नाही! दुसरा भाग हुबेहूब डाव्यासारखा विणा आणि पलटा, झाला उजवा. ओळीही तंतोतंत जुळतात. आरशातल्यासारखा विणला असता तर मुंढा एक ओळ मागेपुढे झाला असता. मात्र रंगीत पट्टे असतील तर हे नको. रंग बदलल्याची रेघ एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला तुटक दिसते. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीत तर मुळीच चालणार नाही.
काजं मुलीच्या स्वेटरला उजव्या भागात. आधी डावा पुरा करा, बटणांच्या जागी टाचण्या लावा, मग ओळी मोजून काजं पाडा.

लोकरगुंडा
पलटायचं सुचलंच नव्हतं. काजासाठी 'लोकर पुढे, २ टाके एकत्र' लिहिलंय. इथे पुढे म्हणजे सुलट बाजूला का?

सुईदोरा
नाही. इथे पुढे म्हणजे तुमच्याकडे, समोर कुठलीही बाजू असो. लोकर दोन सुयांमधून आपल्याकडे आणा आणि तशीच ठेवून पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणा. लोकर सुईवरून जाऊन एक जादा फास तयार होतो, तेच काज. मुंढ्याच्या खाली टाके ३६ च राहायला हवेत. ३५ भरले तर लोकर पुढे आणायची राहिली. बॉर्डरला एक सुलट, एक उलट विणताना हाच फास नको तिथे पडतो: उलट टाक्यानंतर लोकर मागे न नेता सुलट घेतला की टाका वाढतो आणि खाली भोक.