६व्ही६च्या जागी ६एल६ किंवा ईएल३४: घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये पॉवर ट्यूब बदलाव्यात का?

जुनीतार:
नमस्कार. १९५०च्या दशकातील फेंडर डिलक्सच्या ५ई३ या सर्किटवरून मी गिटारसाठी ॲम्प्लिफायर बांधला आहे. त्यात स्पीकरला शक्ती देणाऱ्या दोन ६व्ही६जीटी व्हॅक्यूम ट्यूब, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारी ट्यूब) म्हणून ५वाय३ आणि दोन्ही पॉवर ट्यूबना मिळून कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) २५० ओहमचा एकच रेझिस्टर आहे. प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणारे टोक) ३५५ व्होल्ट आणि कॅथोडवर २० व्होल्ट मिळतात. पॉवर ट्रान्सफॉर्मरची उच्चदाबाची वाइंडिंग १०० मिलिअँपिअर डीसी देऊ शकते, तर ६.३ व्होल्टची हीटर वाइंडिंग ३ अँपिअरची आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर १५ वॅटचा असून ८ ओहमच्या स्पीकरला प्लेटकडून ८ हजार ओहमचा भार दाखवतो.

आवाज सुंदर आहे, परंतु ढोलकवादकासोबत वाजवताना तो फार लवकर फाटतो, म्हणजे विकृत होतो. सॉकेट तेच असल्यामुळे ६एल६जीसी किंवा ईएल३४ बसवून स्वच्छ आवाजाची मर्यादा वाढवता येईल का?

ओहममापी:
सॉकेटमध्ये ट्यूब बसते याचा अर्थ सर्किट तिला पेलते असा होत नाही. निर्णय ट्रान्सफॉर्मर घेतात, म्हणून आधी आपल्या आकड्यांचाच हिशेब करू.

हीटरपासून सुरुवात करावी. ६व्ही६ला ०.४५ अँपिअर लागतो, ६एल६जीसीला ०.९ आणि ईएल३४ला १.५. प्रीॲम्पच्या (सिग्नल आधी वाढवणारा भाग) दोन ट्यूबचे मिळून ०.६ अँपिअर धरले, तर सध्या १.५ अँपिअर खर्च होतो. ६एल६ बसवल्यास तो २.४ होईल आणि ईएल३४ बसवल्यास ३.६. म्हणजे आपल्या ३ अँपिअरच्या वाइंडिंगवर ईएल३४चा विचार इथेच थांबतो. केटी६६ ही आणखी एक पॉवर ट्यूबही प्रत्येकी १.३ अँपिअर घेत असल्याने त्याच कारणाने बाद होते.

उच्चदाबाची बाजू अधिक नाजूक आहे. २५० ओहमवर २० व्होल्ट म्हणजे दोन्ही ट्यूबचा मिळून ८० मिलिअँपिअर प्रवाह. त्यातून स्क्रीनचा (ट्यूबमधील एक ग्रिड, म्हणजे जाळी) अंदाजे ५ मिलिअँपिअर वजा केला, तर प्रत्येक प्लेटला सुमारे ३७ मिलिअँपिअर उरतो आणि प्लेट व कॅथोड यांच्यामधील ३३५ व्होल्टनी गुणल्यास साधारण साडेबारा वॅट येतात. ६व्ही६जीटीची जुनी मर्यादा १२ वॅट आणि नंतरच्या मापनपद्धतीनुसार १४ वॅट आहे, त्यामुळे आपल्या ट्यूब आजच पूर्ण क्षमतेने काम करीत आहेत. त्याच रेझिस्टरवर ६एल६ बसवल्यास कॅथोडचा दाब २५ व्होल्टच्या पुढे आणि प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या वर जाण्याची शक्यता आहे. त्यात प्रीॲम्पचा प्रवाह मिळवला की ट्रान्सफॉर्मरची मर्यादा ओलांडली जाते आणि ५वाय३ही आपल्या १२५ मिलिअँपिअरच्या जवळ पोहोचते. ६एल६ची प्लेट ३० वॅट सहन करते, परंतु ते वॅट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे नाही.

मंद्रसप्तक:
वरील हिशेब बरोबर आहे. त्यात एक गोष्ट जोडतो, कारण ईएल३४साठी मोठा ट्रान्सफॉर्मर बसवणारे अनेक जण इथे अडतात. ६व्ही६ आणि ६एल६मध्ये पहिली पिन ट्यूबच्या कामात भाग घेत नाही, म्हणून काही बांधणींत तिचा उपयोग ग्रिडचा रेझिस्टर टेकवण्यासाठी केलेला असतो. ईएल३४मध्ये मात्र तिथे सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची आणखी एक जाळी) असते आणि ती आठव्या पिनला, म्हणजे कॅथोडला, जोडावी लागते. त्यामुळे ट्यूब लावण्यापूर्वी सॉकेटची मागची बाजू पाहणे अनिवार्य आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. माझे स्पष्ट मत असे की आपल्याला ट्यूब नव्हे, स्पीकर बदलायला हवा. शक्ती दुप्पट केली तरी आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते. त्याउलट, सध्याच्या स्पीकरची संवेदनशीलता ९५ डेसिबल असेल आणि त्याजागी १०० डेसिबलचा बसवला, तर सर्किटमधील एकाही सांध्याला हात न लावता ५ डेसिबल मिळतात. ५ई३चा गोडवा तिच्या लवकर फाटण्यात आणि जोरात वाजवताना व्होल्टेज किंचित बसण्यात आहे. तो टिकवून मोठा आवाज मिळवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

जुनीतार:
दोघांचेही आभार. ईएल३४चा विचार सोडला आणि स्पीकरची सूचना पटली. तरीही ६एल६चा स्वर ऐकण्याची इच्छा आहे. ट्रान्सफॉर्मर तेच ठेवून सुरक्षितपणे ते करता येईल का?

ओहममापी:
येईल, मात्र शक्तीत मोठी वाढ होईल अशी अपेक्षा ठेवू नये. कॅथोड रेझिस्टर ३९० ओहमचा, १० वॅटचा घ्यावा. अशा वेळी कॅथोडवर सुमारे २८ व्होल्ट आणि एकूण ७० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह अपेक्षित आहे, परंतु हे आकडे ट्यूबनुसार बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष मोजूनच पुढे जावे. प्रवाह ८० मिलिअँपिअरपेक्षा जास्त आढळल्यास ४७० ओहमकडे जावे.

या रेझिस्टरला समांतर असलेला कॅपॅसिटर अवश्य तपासा. मूळ आराखड्यात तो २५ व्होल्टचा आहे आणि २८ व्होल्टवर तो टिकणार नाही, म्हणून ५० व्होल्टचा बसवा.

भाराच्या बाबतीत, दोन ६एल६ना ८ हजार ओहम जरा जास्त होतात. त्यांना ४ ते ५ हजारांच्या आसपासचा भार अधिक मानवतो. ट्रान्सफॉर्मर केवळ गुणोत्तर जाणतो, त्यामुळे ८ ओहमच्या टोकाला ४ ओहमचा स्पीकर जोडला की प्लेटला ४ हजार ओहमच दिसतात. मात्र तो १५ वॅटचाच असल्याने मोठ्या आवाजात खर्ज आधी ढिला पडेल. ६व्ही६ परत लावताना ८ ओहमचा स्पीकर आणि २५० ओहमचा रेझिस्टर दोन्ही पूर्ववत करावे लागतील.

मंद्रसप्तक:
रेझिस्टर बदलण्यापूर्वी वीजजोडणी काढून फिल्टर कॅपॅसिटर रेझिस्टरमार्फत रिकामे करा आणि ते रिकामे झाल्याचे मीटरवर पाहा, कारण बंद केलेल्या ॲम्प्लिफायरमध्येही ३५० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडलेला असू द्या आणि मीटर आधीच कॅथोडवर लावून ठेवा. पहिल्या काही मिनिटांत प्लेट लालसर दिसू लागल्यास लगेच बंद करा.