हवामानाचं चित्रपुस्तक, दुसरी-तिसरीचा जोडवर्ग आणि माणदेश: काय काय करता येईल?

खडूबाई
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, माझ्याकडे दुसरी-तिसरी. शाळेला भेट आलेल्या पुस्तकांत हवामानावरचं एक मोठं चित्रपुस्तक आहे. पानाला एखादंच वाक्य, बाकी चित्रं: ऊन, वारा, ढग, पाऊस, इंद्रधनुष्य, धुकं, बर्फ. पोरं त्यावर तुटून पडतात. जून-जुलैत हे एकच पुस्तक धरून मराठी, गणित, परिसर अभ्यास, कला सगळं घ्यावं असं मनात आहे.

शोधलं तर सगळीकडे तेच. ढगाला कापूस चिकटवा, कागदाची छत्री करा, पावसाची कविता म्हणा. त्यात गणित कुठे आहे? शिवाय पुस्तकातला पाऊस आमच्याकडे पडतच नाही. डबक्यात उड्या मारणारी मुलं बघून एकीनं विचारलं, "बाई, हे कुठलं गाव?" पैसे नाहीत, झेरॉक्ससुद्धा जपून. सुचवा.

मोरपंखी
कापसाला एवढी नावं नका ठेवू हो बाई :) पण आधी रोज एकाच वेळी पाच मिनिटं बाहेर बसवून खरं आभाळ काढायला लावा, मग पुस्तकातला ढग दाखवा. उलट केलंत तर सगळे पुस्तकातलाच ढग काढतील. रंग नसतील तर कोळसा आणि पाटीवरचा खडू पुरे.

निवृत्त_गुरुजी
त्या मुलीच्या प्रश्नावरच सगळं उभं करा. "हे कुठलं गाव" म्हणजे ती पुस्तक तपासते आहे. माझा अनुभव असा, की एका पुस्तकाचे विषयवार तुकडे केले की सोमवारी गणित, मंगळवारी मराठी असं होतं आणि पुस्तक संपतं. त्याऐवजी मुलांना पुस्तकाचे तपासनीस करा. प्रत्येक पानाला एकच प्रश्न: आपल्याकडे असं होतं का?

इंद्रधनुष्याचं पान उघडा. सूर्य आणि धनुष्य एकाच बाजूला शेजारीशेजारी काढलेत का बघा. बऱ्याच पुस्तकांत तसंच असतं. खरं धनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या दिशेला, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी. सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असला की सपाटीवरून ते दिसतच नाही, म्हणून भर दुपारी कुणी पाहिलेलं नसतं. उन्हाकडे पाठ करून तोंडानं पाण्याचा फवारा उडवा, चिमुकलं धनुष्य दिसतं. दिशांचा धडा झाला आणि तिसरीवाल्यांना पुस्तकातली चूक सापडली. ती मुलं मग पुढची सगळी पानं डोळ्यांत तेल घालून वाचतात.

पावसाचा थेंबही तसाच. चित्रात वर टोक, खाली गोल. खरा लहान थेंब गोलच असतो, मोठा झाला की पडताना खालून चपटा होतो.

खडूबाई
गुरुजी, आत्ताच पान उघडून पाहिलं. सूर्य धनुष्याच्या कुशीत बसलाय!! आता बर्फाच्या पानाचं काय? पोरं त्याला गारा म्हणतात.

निवृत्त_गुरुजी
म्हणू द्या, त्यांनी गाराच पाहिल्यात. "गार पडली तेव्हा पत्र्यावर आवाज झाला का? मग या चित्रातल्या बाईनं डोक्यावर काही का घेतलं नाही?" एवढं विचारा. उंच गडगडाटी ढगात वर जाणारा जोराचा वारा गारेला पडू देत नाही, तिच्यावर बर्फाचे थर चढत राहतात, पेलवेनाशी झाली की खाली. हिमाचे कण हलके, तरंगत येतात. गार कधी अर्धी कापायला मिळाली तर थर दिसतात.

घाटमाथा
गणितासाठी पर्जन्यमापक. शीतपेयाची दोन लिटरची, मधे कंबर नसलेली सरळ बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, झालं नरसाळं. बुड खाचाखाचांचं असतं, तिथे खडे टाका आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. तिथे शून्य. तिथून वर पट्टीनं मिलिमीटरच्या खुणा. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. चारही बाजूंनी विटा लावा, नाहीतर शेळ्या पाडतात. उन्हानं पाणी आटतं, म्हणून शाळा सुटताना शून्य तपासायचं. वेधशाळा सकाळी साडेआठला नोंद घेते. तुम्ही परिपाठाआधी घ्या, पण वेळ रोज तीच हवी.

आता गंमत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. व्हरांड्यात खडूनं मीटर बाय मीटरचा चौकोन आखा, लिटरभर पाणी ओता. मुलांचा विश्वास बसत नाही. मग शाळेचं छप्पर मोजा. सहा मीटर बाय आठ मीटर असेल तर दहा मिलिमीटर पावसात ४८० लिटर. तिसरीचा गुणाकार, आणि दुसरीला घागरी मोजायला लावा.

खडूबाई
हे फार आवडलं. पण दादा, आमच्याकडे ओळीनं शून्यच येतील.

घाटमाथा
येऊ द्या. शून्य लिहिणं आणि रकाना मोकळा सोडणं यातला फरक दुसरीच्या पोराला याहून चांगला कुठे कळणार? मोकळा म्हणजे पाहिलंच नाही. आणि हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो "पावसाचा दिवस". अंगण ओलं झालं पण बाटलीत एकच मिलिमीटर, तर आज पाऊस पडला म्हणायचं का? सोडून द्या त्यांच्यात, अर्धा तास भांडतील.

एक महत्त्वाचं. हे सगळं फक्त जून-जुलैत बांधू नका. तुमचा भाग पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा, तिथे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात. जुलैअखेर पुस्तक मिटलंत तर सगळा तक्ता कोरडा राहील. बाटली जूनला लावा आणि दसऱ्यापर्यंत चालवा, पुस्तक अधूनमधून काढा. महारेनच्या संकेतस्थळावर कृषी विभाग महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस देतो, तो फोनवर बघून आपल्या आकड्याशेजारी लिहा. जुळणार नाही. का नाही, यावर बोला.

पाटी_पुसली
भूगोलासाठी कागदी पट्ट्या. जुनी वर्तमानपत्रं जोडून एक मिलिमीटरला एक मिलिमीटर याच मापानं. तुमच्या तालुक्यातल्या म्हसवडचा वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे हातभर पट्टी. महाबळेश्वरची साडेपाच मीटर तरी, ती भिंतीवर मावत नाही, व्हरांड्यात आडवी टाकावी लागते. जिल्हा एकच, सातारा. महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर आणि म्हसवड त्याच्या आडोशाला म्हटल्यावर पोरं नकाशा मागतात. वर्गात मेंढपाळांची मुलं असतील तर त्यांनाच विचारा: दिवाळीनंतर कळप कोकणाकडे का जातो आणि पावसाळ्याआधी माघारी का येतो. मेंढ्यांना तिकडचा पाऊस सोसत नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

भाद्रपदी
मराठीसाठी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून म्हणी आणायला सांगा. "पडतील स्वाती तर पिकतील मोती", "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा". शिवाय कॅलेंडरात नक्षत्राचं वाहन असतंच: बेडूक, म्हैस, कोल्हा. चित्रंही निघतात.

चिकित्सक
शाळेत वाहनं? म्हैस आहे म्हणून पाऊस जास्त, हे तिसरीच्या मुलाला शिकवायचं? म्हणींना हरकत नाही, पण हे विज्ञानाच्या तासाला नको.

भाद्रपदी
शिकवायचं कोण म्हणतंय? सूर्य नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. सुरुवातीला वाहन लिहा, संपल्यावर बाटलीची बेरीज लिहा. मुलं काय ते ठरवतील.

चिकित्सक
बेरीज लिहिणार असाल तर चालेल. नुसतं वाहन लिहून तक्ता भिंतीवर राहिला तर मात्र नाही.

मोरपंखी
आणखी पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत फुकट आहेत, उतरवूनही घेता येतात. पण बाई, सध्या तुमचं एक पुरे आहे. शेवटी मुलांकडून आपल्या वस्तीचं हवामानाचं पुस्तक करून घ्या. पाठकोऱ्या कागदांचं, त्यात बर्फाचं पान नको आणि धुळीच्या वावटळीचं हवंच.

खडूबाई
वावटळ! ती पुस्तकात नाहीच, माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता शेवटचा प्रश्न, हसू नका. केंद्रप्रमुख आले तर टाचणात हे कुठल्या विषयाखाली लिहू?

निवृत्त_गुरुजी
टाचणात विषय तेच ठेवा, रोजचा तासही तोच. गणितात "लांबी व धारकता: पर्जन्यमापकाची नोंद", परिसर अभ्यासात "दिशा: इंद्रधनुष्य", मराठीत "निरीक्षणाचं एक वाक्य". आणि नोंद तुम्ही घेऊ नका, रोज एक दुसरीचा आणि एक तिसरीचा अशी जोडी पाठवा. धाकटा वाचेल, थोरला लिहील. साहेब आले की त्या जोडीलाच त्यांना बाटलीपाशी न्यायला सांगा.