तातडीची मदत हवी: बडोद्याहून दीव, बाबांना किल्ला दाखवायचाय

फतेगंजकर: गुरुवारी निघायचंय. दीवच्या किल्ल्यात बाबांना कितपत चालावं लागेल? व्यापाऱ्यांची जुनी घरं, चर्चही बघायची आहेत. समुद्रकिनारे नकोत. अलीकडे कोणी गेलं असेल तर लगेच सांगा.

रावपुरा_७१: बाबांचं वय? गाडी घरची की बस? किती दिवस? काहीच न सांगता विचारलंत.

वाटाड्या: तारापूर, वटामण, भावनगर, महुवा, ऊना. नऊ-दहा तास धरा.

मांजलपूरवाली: वयस्कर माणसाला दहा तास गाडीत कोंबणार? वेरावळपर्यंत रेल्वे, पुढे नव्वदेक किलोमीटर टॅक्सी. सोमनाथही होतं.

वाटाड्या: सामान आणि म्हातारं माणूस घेऊन स्टेशनबाहेर टॅक्सी शोधायची? त्यापेक्षा भावनगरला मुक्काम करा.

सुरसागर: येताना बाटली आणू नका. गुजरातेत शिरताना गाडी तपासतात.

फतेगंजकर: दारूचं विचारलं नव्हतं. बाबा ७६, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठीने सपाटीवर अर्धा तास चालतात. जिन्यावर मात्र दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मगच पुढची. गाडी घरची, आम्ही तिघं, दोन रात्री. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, दीव पाहिलं नाही.

बखरकार: मग सरांना १५३५ सांगायला नको. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये तिथल्याच समुद्रात स्वतःचा जीव गमावला. तुर्की आरमाराचा वेढा १५४६ चा.

रावपुरा_७१: तुर्कांचा वेढा १५३८ चा. १५४६ चा दुसरा, गुजरातच्या सुलतानाच्या फौजेचा.

बखरकार: बरोबर, माझी गल्लत झाली. पण नुसत्या लढाया बघून येऊ नका. इथले वाणी मोझांबिकला कापड पाठवायचे, तिकडून हस्तिदंत यायचा. दीवचं वैभव त्यावर उभं राहिलं. नगरशेठची हवेली त्यासाठी बघा.

निजामपुऱ्याची_लेक: मूळ प्रश्न चालण्याचा आहे ना? हिवाळ्यात आईला नेलं होतं, तिलाही गुडघ्याचा त्रास. खंदकावरचा पूल ओलांडून तोफांपर्यंत ती काठीने हळूहळू आली. तटावर चढताना दगड घासून गुळगुळीत झालेत, काठीचं रबर सरकलं. तिथूनच माघारी फिरलो. सावली कमी, सकाळीच जा. समुद्रातला पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग, धक्क्यावरूनही दिसतो. सेंट पॉल चर्च १६१० चं, दर्शनी भागावरचं कोरीवकाम बाहेर उभं राहूनही बघता येतं. सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय आहे.

मांजलपूरवाली: नागोआला होका ताड बघा, फांद्या फुटलेले.

फतेगंजकर: निजामपुऱ्याच्या ताई, हेच हवं होतं. भावनगरला मुक्काम करतो, तटावर नेत नाही. हवेलीपर्यंत गाडी जाते का?

निजामपुऱ्याची_लेक: गल्ल्या अरुंद आहेत. गाडी बाहेर ठेवा, बाबांसाठी रिक्षा करा. आणि निघण्याआधी काठीचं रबर बदला.