संगिनीचं पातं ५७ सेंमी असेल, तर ती तलवार का नाही?

पोलादी_पातं:
फ्रेंच शास्पो रायफलीची १८६६ ची संगीन पाहून गोंधळायला होतं. पातं ५७ सेंमी, एका बाजूला धार, याताघान या तुर्की तलवारीसारखा दुहेरी बाक, पितळी मूठ, पोलादी म्यान. उलट १८३१ चं फ्रेंच पायदळाचं आखूड खड्ग जेमतेम ४८ सेंमीचं, तरी ते तलवारींत मोजतात. मग फरक नेमका कशात? आणि सोबत बंदूक नसेल, नुसतं हत्यार समोर असेल, तर ओळखायचं कसं?

तोल_आणि_धार:
लांबी बाजूला ठेवा, तोल बघा.

तलवार मनगटासाठी घडवलेली असते. इंग्रजांच्या १७९६ च्या हलक्या घोडदळाच्या तलवारीचं पातं साधारण ८३ सेंमी, तरी वजन किलोच्या आसपासच. हे जमतं कारण पात्याची पाठ मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. बहुतेक एकहाती तलवारींचा तोल परजेच्या (मुठीवरच्या, हात वाचवणाऱ्या आडेच्या) पुढे १० ते १५ सेंमीवर पडतो, वार करायच्या घोडदळी तलवारीत थोडा आणखी पुढे. म्हणून वार हुकला तरी पातं आवरता येतं आणि लगेच दुसरा वार करता येतो.

संगिनीची खरी मूठ म्हणजे दोन्ही हातांत धरलेली चारेक किलोची बंदूक. जोर कमरेतून आणि खांद्यांतून येतो. पातं सरळ आत खुपसायचं आणि तसंच सरळ मागे ओढायचं. इथे पातं ताठ हवं, लवून चालत नाही. आडवा वार करायला गेलात तर एवढं वजन मध्येच थांबवता येत नाही, धार रेषेत पडत नाही आणि सगळा पीळ संगीन-बंदुकीच्या जोडावर येतो. धार असली तरी ती दुय्यम, काम टोकाचं. शास्पोची संगीन बंदुकीवरून काढून वापरता येते, पण तेव्हा ती बोजड आखूड तलवार होते आणि बोटांवर परजेची आड नसते.

ठासणीची_बंदूक:
संगिनीत पात्यापेक्षा जोडावर जास्त डोकं चाललंय. सुरुवातीची संगीन लाकडी मुठीची, ती मूठ सरळ नळीच्या तोंडात ठोकायची. म्हणजे संगीन लावली की गोळी बंद. १६८९ साली स्कॉटलंडमध्ये किलीक्रँकीच्या लढाईत डोंगराळ भागातले हायलँडर तलवारी घेऊन उतारावरून इतक्या वेगाने आले की सरकारी सैनिकांना संगिनी लावायलाही सवड मिळाली नाही.

मग नळीवर बाहेरून चढणारी संगीन रुळली. तिच्या नळकांड्याला नागमोडी खाच असते. नळीवरची खुंटी त्या खाचेतून सरकवायची आणि वळवून अडकवायची. पातं एका वाकड्या मानेवर नळीपासून बाजूला काढलेलं असतं, नाहीतर गजाने बार ठासताना हात कापेल. दोष एकच, पण मोठा: खाच झिजली की झटापटीत संगीन फिरून निघते किंवा समोरचा ती उपटतो. म्हणून पुढे नळकांड्यावर फिरती कडी किंवा स्प्रिंगचा खटका आला.

लांबीचं गणितही इथेच सुटतं. इंग्रजांची जुनी, लांब नळीची ब्राउन बेस बंदूक साधारण १५९ सेंमी, वर संगीन ४३, म्हणजे दोन मीटरचा भाला. घोडेस्वाराला अडवायला तेवढी पोच लागायची. पुढे इंग्रजांची ली-एनफिल्ड रायफल ११३ सेंमीवर आली. गेलेली पोच भरून काढायला १९०७ ची संगीन पुन्हा ४३ सेंमीची केली. तलवारीची लांबी हात आणि घोडा बघून ठरते, संगिनीची बंदूक बघून.

म्यान_उघडा:
ओळखायचं तर मुठीच्या बुडापासून सुरुवात करा. बुडात इंग्रजी टी आकाराची लांबट खाच आणि बाजूला दाबायचं बटण असेल तर ती संगीन. मग मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टी बघा, पात्याच्या पाठीकडे तिला नळीसाठी कडी असते. कडीचा आतला व्यास मोजलात तर बंदूकही हुडकता येते. १८३१ च्या खड्गाला कडी नाही, खाच नाही, खटका नाही, म्हणून ते तलवारींत.

फसगत होते ती बदललेल्या नगांत. कडी घासून काढलेली असते, पातं आखूड केलेलं असतं. अशा वेळी बुडातली खाच सहसा शाबूत राहते, कधी शिसं किंवा पितळ भरून बुजवलेली. १९०७ च्या संगिनीवर आणखी दोन खुणा: पट्टीचं आकड्यासारखं टोक १९१३ मध्ये काढून टाकलं आणि खाचेत अडकणारा चिखल निघावा म्हणून १९१६ पासून बुडात आरपार भोक आलं. आकडा आणि भोक दोन्ही एकत्र दिसले, तर तो नग नंतर दुरुस्त झालेला.

पोलादी_पातं:
खूपच नेमकं, आभार. तिधारी पात्याची जखम शिवता येत नाही म्हणून जिनिव्हा करारात त्यावर बंदी आली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात तथ्य आहे?

ठासणीची_बंदूक:
नाही, असं कलम नाही. तिधारी आकार आला तो कमी पोलादात ताठपणा मिळतो म्हणून. पात्यावरचा नळ, म्हणजे लांब पन्हळ, तोही रक्त वाहून जायला नसतो. वजन उतरवायचं आणि ताठपणा राखायचा, एवढंच त्याचं काम. तो तलवारीत आणि संगिनीत सारखाच.

जोडाचा परिणाम नेमावरही होतो, हे इथे सुटू नये. ली-एनफिल्डची १९०७ ची संगीन बंदुकीच्या लाकडाच्या पुढच्या टोपीवर बसते, नळीला टेकत नाही. रशियन मोसिन-नागां रायफलीची थेट नळीवर चढते आणि त्या रायफलीची माशी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) संगीन लावूनच जुळवत. ती काढली की गोळी दुसरीकडे लागते.