संकटातल्या कंपनीची नवी हायब्रिड गाडी: सातारच्या कुटुंबाने तिची वाट पाहावी का?

शाहूनगरकर, सातारा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरातील डिझेल गाडी आता बदलायला आली आहे आणि पुढची गाडी हायब्रिडच घ्यावी, यावर घरात एकमत आहे. माणसे सहा, त्यांत आई-वडील सत्तरीचे. माझी नोकरी शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे आठवड्यातील बहुतेक दिवस महामार्गाने जाणे-येणे होते. जाताना खंबाटकीचा बोगदा आणि येताना घाट. महिन्यातून एखाद्या वेळी सगळे मिळून पाचगणीला बहिणीकडे जातो.

धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याने निसानची नव्या ई-पॉवर यंत्रणेची काश्काई घेतली आहे आणि तो तिच्यावर अत्यंत खूश आहे. ही यंत्रणा भारतात येईपर्यंत थांबावे, असा त्याचा आग्रह आहे. वडिलांचे म्हणणे नेमके उलटे आहे. जी कंपनी कारखाने बंद करते आहे, तिच्या गाडीत घरातले पंचवीस-तीस लाख का अडकवायचे, असे ते विचारतात. मला दोघांचेही म्हणणे पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. जाणकारांनी गाडीच्या यंत्रणेविषयी आणि कंपनीच्या प्रकृतीविषयी स्वतंत्रपणे सांगितले, तर फार उपकार होतील.

निवृत्त यंत्र अभियंता, कोडोली

आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, हे योग्य केले. मी केवळ यंत्रणेविषयी लिहितो.

ई-पॉवरमध्ये पेट्रोल इंजिन असते, परंतु ते चाकांना जोडलेले नसते. इंजिन जनरेटर फिरवते, त्यातून वीज तयार होते आणि चाके केवळ विजेच्या मोटरवर फिरतात. निसानने ही रचना 2016 मध्ये जपानमधील नोट या लहान गाडीत प्रथम दिली. शहरात तिचा खरा लाभ दिसतो, कारण गाडी थांबत-थांबत चालली तरी इंजिनाला आपल्या सोयीच्या वेगाने फिरता येते, आणि मोटरमुळे उचल तत्काळ व विनाधक्का मिळते. तुमच्या भावाला ती आवडली यात काहीच नवल नाही.

नव्या, म्हणजे तिसऱ्या, पिढीत कंपनीने एक जुने दुखणे मुळापासून काढले आहे आणि त्याबद्दल तिला श्रेय दिलेच पाहिजे. आधीच्या काश्काई ई-पॉवरमध्ये दाब-गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरातील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, चालताना बदलणारे टर्बो इंजिन होते. कल्पना विलक्षण, पण आत जोडदांडे आणि बेअरिंग यांची गुंतागुंत फार. त्याच कुळातील इंजिने असलेल्या 4 लाख 40 हजारांहून अधिक गाड्या 2025 मध्ये अमेरिकेत बेअरिंगच्या दोषाच्या शक्यतेमुळे परत बोलवाव्या लागल्या. नव्या यंत्रणेत ते इंजिन नाही. त्याऐवजी केवळ वीजनिर्मितीसाठी बेतलेले, स्थिर दाब-गुणोत्तराचे दीड लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन आहे आणि त्याची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातील ऊर्जेपैकी कामी येणारा वाटा, 42 टक्के असल्याचे कंपनी सांगते. मोटर, जनरेटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) आणि दोन गिअरसंच एकाच आवरणात बसवले आहेत. कंपनीचे दुसरे दुखणे सीव्हीटीचे, म्हणजे ठरावीक टप्पे नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. अमेरिकेत या कंपनीच्या सीव्हीटीविषयी वर्षानुवर्षे तक्रारी आणि दावे झाले. ई-पॉवरमध्ये पहिल्यापासूनच गिअरबॉक्स या अर्थाने काही नाही, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाची ताकद आधी विजेत आणि मग पुन्हा गतीत बदलावी लागते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. होंडाच्या सिटी हायब्रिडमध्ये अशा वेळी क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते. टोयोटाच्या यंत्रणेतही ग्रहचक्री गिअरमुळे इंजिनाच्या ताकदीचा एक भाग थेट चाकांपर्यंत जातो. ई-पॉवरमध्ये हा मार्गच नाही. तिसऱ्या पिढीत महामार्गावरील इंधनबचत सुधारण्यावर कंपनीने मुख्य भर दिला, यावरूनच आधीची उणीव कोठे होती ते समजते. ज्याचे निम्म्याहून अधिक चालवणे सातारा ते शिरवळ असे आहे, त्याच्यासाठी ही रचना सर्वांत अनुकूल नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकड्यांविषयीही सांगतो. काश्काईसाठी 100 किलोमीटरला 4.5 लिटर, म्हणजे लिटरला सुमारे 22 किलोमीटर, हा युरोपीय चाचणीचा आकडा आहे. आपल्याकडे टोयोटाच्या हायरायडर हायब्रिडसाठी लिटरला 27.97 किलोमीटर सांगतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये, कारण युरोपीय चाचणीत गाडी ताशी 130 किलोमीटरपर्यंत नेतात, तर भारतीय चाचणी 90 वर थांबते.

वाईची शिक्षिका

आमच्याकडे पूर्ण हायब्रिड गाडी आहे, टोयोटाची, आणि पसरणी घाट आमच्या रोजच्या वाटेवर आहे. म्हणून घाटापुरते लिहिते.

चढताना चिंता नको. मोटरची साथ असल्यामुळे वळणावरून उचलताना गाडी कुरकुरत नाही. उतरताना मात्र एक गोष्ट आधीच माहीत असावी. पाचगणी सोडून खाली निघाले की ब्रेकवर हलका पाय ठेवताच बॅटरीच्या चित्रातील पट्ट्या भराभर वाढू लागतात आणि निम्मा घाट उतरण्याआधीच ती भरते. त्यानंतर पेट्रोल न जळताही इंजिन मोठ्या आवाजात फिरू लागते. आमच्या सासूबाईंना पहिल्या वेळी वाटले, गाडीत काहीतरी बिघडले. बिघाड नव्हे, जागा न उरलेली वीज इंजिन फिरवण्यात खर्च होते आणि त्यातूनच इंजिन ब्रेकिंग मिळते. आई-वडील सोबत असतील, तर त्यांना हे आधी सांगून ठेवा.

आमचा ॲव्हरेज महामार्गावर ताशी ऐंशीच्या आसपास ठेवला तर बाविसाच्या वर राहतो. शंभराच्या पुढे गेले की तो झपाट्याने उतरतो.

निवृत्त यंत्र अभियंता, कोडोली

ताईंनी लिहिलेल्या अनुभवाला हिशेबाची जोड देतो. माणसांसह दोन टन वजनाची गाडी 500 मीटर खाली उतरली, तर सुमारे पावणेतीन युनिट ऊर्जा मोकळी होते. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीतला फरक याहून थोडा अधिकच आहे. टायरचे घर्षण, हवेचा रोध आणि रूपांतरातील तूट वजा केली, तरी दीड युनिटाच्या आसपास ऊर्जा बॅटरीत येऊ पाहते. हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटाची आहे, म्हणून ती अर्ध्या वाटेत भरते. ई-पॉवरची सुमारे दोन युनिटांची असल्यामुळे ती अधिक सामावून घेईल, पण तीही वर निघताना अर्धी भरलेली असेल तर शेवटच्या वळणांवर तुम्हाला हाच आवाज ऐकू येईल. घाटाच्या बाबतीत ई-पॉवर सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. केवळ महिन्यातील एका घाटासाठी गाडी निवडायची का, हा प्रश्न तुमचा.

करंजे पेठ

कंपनीच्या प्रकृतीविषयी मी लिहितो, कारण यातला त्रास मी भोगला आहे. माझ्याकडे भारतातून निघून गेलेल्या एका कंपनीची गाडी होती. नाव लिहीत नाही. कंपनी गेल्यावर फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांना काही अडले नाही. पोवई नाक्याजवळच्या दुकानांतून ते इतर बनावटीचे मिळत राहिले. अडले ते एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकासाठी. पुण्यात चौकशी झाली, मुंबईत झाली, शेवटी दिल्लीहून जुन्या गाडीतला काढलेला भाग आला, आणि तोवर गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. विकताना तर घेणारा किंमत सांगण्याआधी कंपनीचेच नाव विचारत असे.

हायब्रिडमध्ये हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. इन्व्हर्टर, मोटर आणि उच्च दाबाची बॅटरी यांना पर्यायी बनावट बाजारात जवळपास नाही. ते भाग कंपनीच देऊ शकते. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातील विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही वेळा सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील असे आश्वासन होते. परंतु त्या साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या होत्या, म्हणून स्थानिक मेकॅनिकने लोकांना तारले. बॅटरी संच उघडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती हायब्रिड देणे जिवावर बेतणारे आहे.

निसानची स्थिती जाहीर आहे. मार्च 2025 अखेरच्या वर्षात तोटा सुमारे 67 हजार कोटी येन, 20 हजार नोकऱ्यांची कपात, कारखाने 17 वरून 10 करण्याची योजना. होंडाशी एकत्र येण्याची बोलणी डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मोडली. पुढे योकोहामा येथील मुख्यालयाची इमारत विकून तीच भाड्याने घ्यावी लागली. एवढे सगळे समोर असताना आपले वडील जे म्हणत आहेत, त्याला भीती म्हणून उडवून लावू नये. ती व्यवहाराची दृष्टी आहे.

माहुलीकर

करंजे पेठ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. त्रासात असलेली कंपनी आणि देश सोडून गेलेली कंपनी यांत फरक केला पाहिजे. कारखाने कमी करणे हे पळ काढणे नव्हे, वाचण्याचा प्रयत्नही असतो, आणि याच काळात काश्काईसारख्या मुख्य गाडीवर पैसा आणि बुद्धी खर्च करून इंजिनापासून सर्व नव्याने बांधणे, यात मला त्या अभियंत्यांची जिद्द दिसते.

भारतापुरते पाहिले, तर चेन्नईजवळचा ओरगडमचा कारखाना 2025 मध्ये पूर्णपणे निसानची जुनी भागीदार रेनो हिच्या मालकीचा झाला, पण निसानच्या गाड्या तेथे बनणे थांबलेले नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये निसानच्या नव्या एसयूव्हीचे टेक्टॉन हे नाव जाहीर झाले. ती रेनोच्या नव्या डस्टरच्याच पायावर आहे, म्हणजे तिचे पुष्कळ भाग रेनोशी सामाईक असतील. ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र रेनोची हायब्रिड यंत्रणा आणि ई-पॉवर या निराळ्या गोष्टी आहेत. रेनोच्या यंत्रणेत इंजिन चाकांना थेट जोर देऊ शकते. तेव्हा रेनो-निसान कुटुंबातली एखादी हायब्रिड उद्या दारात आली, तरी ती भावाची ई-पॉवर असेल असे गृहीत धरू नका. ऑगस्ट 2024 मध्ये निसानने एक्स-ट्रेल भारतात आणली, तीही ई-पॉवरविना, पूर्ण आयात केलेली आणि 49 लाख 92 हजारांना. त्या किमतीत आपल्याकडच्या कुटुंबाने कशाला पडावे?

करांचेही ध्यानात घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या हायब्रिडवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तेवढाच साध्या पेट्रोल गाडीवरही आहे. पूर्वी मोठ्या पेट्रोल एसयूव्हीपेक्षा हायब्रिडला कर थोडा कमी लागत असे, तो फरक आता राहिला नाही. विजेवरच्या गाडीला 5 टक्के. म्हणून हायब्रिडची जादा किंमत केवळ इंधनातून वसूल करावी लागते, आणि तुमचे चालवणे भरपूर असल्यामुळे ती तुमच्या बाबतीत वसूल होईल, हे मात्र निश्चित.

शाहूनगरकर, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांवरून मला एवढे स्पष्ट झाले की भावाची गाडी त्याच्या शहरासाठी उत्तम आहे आणि माझा रस्ता वेगळा आहे. ई-पॉवरसाठी थांबणार नाही. आता टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉस आणि हायरायडर यांत निवड करायची आहे. सहा माणसांसाठी हायरायडर अपुरी पडेल, हे उघड आहे. पण हायक्रॉसचे आकारमान आमच्या गल्लीत आणि किंमत आमच्या खिशात बसवणे कठीण जाते. एक विचारतो: बॅटरीच्या हमीविषयी काय पाहावे?

वाईची शिक्षिका

टोयोटाची हायब्रिड बॅटरीवरची हमी 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर आहे, यांतले जे आधी पूर्ण होईल ते. तुमचे शिरवळचे जाणे-येणे पाहता किलोमीटर आधी संपतील, तेव्हा वर्षांकडे पाहून निश्चिंत राहू नका. आणखी एक. आसनाजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. पिशव्या, चादरी तिच्यावर ठेवू नका आणि सर्व्हिसच्या वेळी तिचा फिल्टर स्वच्छ करून घ्या. कासच्या दिशेने गेल्यावर आमच्या जाळीत जी लाल धूळ साचते, ती मी स्वतः पाहिली आहे.

करंजे पेठ

घेण्यापूर्वी आई-वडिलांना दोन्ही गाड्यांत प्रत्यक्ष बसवून पाहा, आणि जमल्यास चाचणीची फेरी शोरूमच्या भोवती न घेता खंबाटकीपर्यंत मागा. येताना घाट चढून गाडी आणा. हायक्रॉसमध्ये सहाही माणसे आत असताना तिसऱ्या रांगेत आपले गुडघे कोठे येतात, ते त्या वेळीच पाहून घ्या.