शब्दचर्चा : ‘जस्ट नाऊ’ म्हणजे नक्की केव्हा?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या एका सहकाऱ्याने ‘आय विल कॉल यू जस्ट नाऊ’ असं कळवलं आणि फोन आला दोन तासांनी. उशीर झाला असं त्याला अजिबात वाटलं नव्हतं. तिकडे या शब्दांचा अर्थच वेगळा आहे का?

उत्तर : हो, वेगळाच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे ‘थोड्या वेळाने’, आणि तो थोडा वेळ किती हे मोघमच ठेवलेलं असतं. त्याहून लवकर म्हणायचं तर ‘नाऊ नाऊ’. आफ्रिकान्स भाषेत याच घडणीचा एक शब्द ‘जरा वेळाने’ या अर्थी वापरतात, त्याचा हा प्रभाव मानला जातो. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने शब्द पाळला!

तुमच्या प्रश्नात प्रादेशिक इंग्रजीची खरी अडचण आहे. अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, कोश उघडतो. पण ‘जस्ट’ आणि ‘नाऊ’ पहिलीपासून पाठ असलेले शब्द! तिथे थांबायचं कुणाला सुचणार? अवघड शब्दांपेक्षा हे सोपे शब्दच जास्त चकवतात, असं माझं ठाम मत आहे.

वेळेचे शब्द यात आघाडीवर. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. जर्मन शिकलेला माणूस मात्र साडेसहा समजेल, कारण जर्मनमध्ये तीच रचना साडेसहासाठी आहे. यॉर्कशरमध्ये जुनी माणसं ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणतात, तिथे ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’ : नऊ ते पाच. अमेरिकेच्या मध्य पट्ट्यात ‘एनीमोर’ होकारार्थी वाक्यातही येतो आणि त्याचा अर्थ ‘हल्ली’ असा होतो. नकार शोधत बसलात तर वाक्य हातातून निसटलंच.

आयर्लंडमधलं ‘आय ॲम आफ्टर इटिंग माय डिनर’ मला फार आवडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा जेवणाच्या मागे लागलाय. प्रत्यक्षात तो आत्ताच जेवून उठलाय. आयरिश भाषेत ‘नुकतंच झालं’ हे ‘नंतर’ या अर्थाच्या शब्दाने सांगतात. इंग्रजी बोलू लागलेल्या लोकांनी आपली जुनी वाक्यरचना सोबत आणली आणि ती तिथे रुजली. याला चुकीचं इंग्रजी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. नियम पक्का आहे, फक्त तो लंडनचा नाही. स्कॉटलंडमधलं ‘द कार नीड्स वॉश्ड’ तसंच : ‘गाडी धुवायला हवी’, फक्त ‘वॉश्ड’आधीचं ‘टू बी’ गाळलेलं. पश्चिम पेनसिल्व्हेनियातही हीच रचना ऐकू येते. 18व्या शतकात उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागातून तिकडे गेलेल्या स्कॉट्स वंशाच्या लोकांनी ती नेली असावी, असं अभ्यासक मानतात.

उपप्रश्न : पण एवढं लक्षात कसं ठेवायचं? आणि न समजल्याने खरंच काही बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बैठकीत ‘टेबल’ या क्रियापदावरून लांबलचक, कडवट वाद झाला, असं चर्चिलने आपल्या युद्धविषयक आठवणींत लिहिलं आहे. ब्रिटिशांच्या लेखी ‘टेबल करणं’ म्हणजे विषय चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला सारणं. मुद्द्यावर दोघांचं एकमतच होतं! दोन्हीकडची मातृभाषा इंग्रजी असताना ही गत, तर शिकणाऱ्याने स्वतःला कमी का लेखावं?

पाठ करण्याच्या फंदात पडू नका. वाक्य ओळखीचं असूनही प्रसंगाशी जुळत नसेल तर आधी विचारा, बोलणारा कुठला? मग अर्थ. आणि उलट विचारताना ‘याचा अर्थ काय’ असं न म्हणता ‘म्हणजे साधारण किती वाजता?’ असं नेमकं विचारा. समोरचाही मोकळेपणाने सांगतो.

समजणं आणि वापरणं यांत मात्र फरक करा. ‘हाफ सेव्हन’ ब्रिटनमध्ये खुशाल वापरा. पण अमेरिकेच्या दक्षिणेतलं ‘ब्लेस युअर हार्ट’ जपून. ते खऱ्या कळवळ्याने म्हणतात, तसंच ‘बिचाऱ्याला अक्कल नाही’ हे गोड शब्दांत सांगायलाही म्हणतात. फरक सगळा सुरात. तो सूर कानात मुरेपर्यंत नुसतं ऐकत राहावं.

भर : ‘क्वाइट’ राहिला. ब्रिटिश माणूस एखाद्या कामाला ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर ते बहुतेक वेळा ‘बरं आहे’ इतकंच असतं, अमेरिकन म्हणाला तर चांगली दाद. पण ‘क्वाइट ब्रिलियंट’सारख्या टोकाच्या विशेषणाआधी ब्रिटिशांकडेही त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’ होतो.

कोशांबद्दल : इंग्लंडच्या बोलींसाठी जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा कोश आहे, 1898 ते 1905 या काळातला. राइट लहानपणी गिरणीत कामाला होते, 15 वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं, पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या प्रादेशिक इंग्रजीचा कोश 1985 ते 2012 दरम्यान पाच खंडांत निघाला. त्यासाठी 1965 ते 1970 या काळात कार्यकर्ते 1,002 गावा-शहरांत जाऊन लोकांशी बोलले होते. रोजच्या वापराला एवढा पसारा नको. चांगल्या शिकाऊ कोशात शब्दापुढे ‘ब्रिटिश’, ‘स्कॉटिश’, ‘दक्षिण आफ्रिकन’ अशी खूण असते. अर्थाआधी तीच वाचावी.